दोन नावं, एक पत्ता

प्रेरणा नवपुते आमच्या ऑफिसात आली, त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "पोरी, पक्कड धरता येते का?" ती म्हणाली, "काका, ट्रॅक्टरचं चाकसुद्धा खोलता येतं." गेली तीन वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिच्याबद्दल लिहायला मीच बरा, कारण त्या सोमवारी चितेगावात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं नाव मोतीराम गोजे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची दहा-बारा माणसांची छोटी कंपनी आहे. कारखान्यांना आपोआप चालणारी मशीनं लागतात, त्यांची कंट्रोल पॅनेलं आम्ही बनवतो. वायरिंग माझ्याकडं, मशीननं कुठं जायचं आणि काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम प्रेरणाकडं. मालक श्रीनिवास जिंतूरकर, आम्ही त्यांना सर म्हणतो. आवाज न चढवणारा माणूस.

प्रेरणा खुलताबादकडची. घरी आल्याची शेती, आई-वडील, धाकटी बहीण. शहरात डिप्लोमा केला, मग डिग्री, आणि मुकुंदवाडीत एक खोली घेऊन राहायला लागली. सत्तावीस वर्षांची असेल. नीटनेटकी इतकी, की तिच्या डब्याच्या झाकणावरही नाव चिकटवलेलं असायचं. माझ्या पॅनेलात एखाद्या वायरीला नंबर लावायचा राहिला तर ती बोट ठेवून दाखवायची, "काका, ही बिननावाची आहे." म्हणूनच जे घडलं ते तिच्या हातून घडलं यावर माझा आधी विश्वासच बसेना.

घडलं काय, ते कळायला आमच्या ऑफिसातली एक पद्धत सांगावी लागेल. मला ती प्रेरणानंच समजावली होती. प्रोग्रॅम एकाच माणसाच्या लॅपटॉपवर ठेवत नाहीत. सगळ्यांसाठी एक सामायिक साठा असतो, सर्व्हरवर. त्याला ही मुलं रेपो म्हणतात. कुणी काही बदललं की ते रेपोत पाठवायचं. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथं नोंदलेलं राहतं. रेपोचा पत्ता हातभर लांब असतो, रोज कोण टाइप करणार? म्हणून प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपवर त्याला एक छोटं नाव देऊन ठेवतो. फोनमध्ये आपण नंबर सेव्ह करतो ना, तसं. नाव दाबलं की फोन त्या नंबरला लागतो. नावामागं कुठला नंबर आहे हे नंतर कुणी बघत बसत नाही.

प्रेरणाच्या लॅपटॉपवर चितेगावच्या कामाची अशी दोन नावं होती. एक "टेस्ट", एक "लाइन".

"लाइन" म्हणजे चितेगावच्या एका कारखान्यातली खरी लाइन. तिथं नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवतात. ओळीनं नऊ टाक्या, त्यांच्यावर लोखंडी रूळ, रुळावरून सरकणारा गाडा आणि गाड्याखाली आकडा. बोल्टांनी भरलेली जाळीची बास्केट आकड्याला अडकवली की गाडा ती उचलतो आणि एकेका टाकीत बुडवत पुढं नेतो. भरलेली बास्केट दीडशे किलोच्या आसपास. कुठं थांबायचं, कुठं खाली सोडायचं, हे सगळं प्रोग्रॅममधल्या आकड्यांवर. दर सोमवारी पहिल्या पाळीला कारखान्यातला कॉम्प्युटर आमच्या "लाइन"च्या रेपोत जे असेल ते आपोआप उतरवून घ्यायचा.

"टेस्ट" म्हणजे आमच्या ऑफिसातलं खेळणं. प्रेरणानंच केलेलं. टेबलावर अॅल्युमिनियमचा रूळ, त्यावर चिमुकला गाडा, खाली टाक्या म्हणून स्टीलचे सहा डबे. नवा प्रोग्रॅम आधी तिथं चालवून बघायचा. खेळण्यात पहिला डबा नव्वद सेंटिमीटरवर होता. खऱ्या लाइनीवर पहिली टाकी जवळपास अडीच मीटरवर. बास्केट अडकवायची जागा आणि पहिली टाकी यांच्या मधे माणसांना ये-जा करायला वाट सोडलेली होती.

सोमवारी मी त्या कारखान्यात होतो, पण दुसऱ्याच कामाला. धूर ओढणाऱ्या पंख्याचं पॅनेल बसवायचं होतं. सकाळचे सात वाजून गेलेले. शिडीवर उभा राहून मी पाइप ठोकत होतो. खाली पुंजाराम होता. पन्नाशीचा माणूस, चितेगावच्याच बाजूचा, दीड वर्षापासून या लाइनीवर. सकाळी आल्यावर त्यानं मला "राम राम मिस्त्री" घातला होता. बास्केट त्यानं आकड्याला अडकवली, हिरवं बटण दाबलं आणि रोजच्यासारखा त्या वाटेनं पलीकडं निघाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. बास्केट त्याच्या डोक्यावरून जाऊन पहिल्या टाकीवरच थांबायची, हे त्यानं हजार वेळा पाहिलेलं.

गाडा सुटला आणि लगेच थांबला. वाटेच्या बरोबर वर. मला वाटलं, करंट गेला. एवढ्यात बास्केट खाली यायला लागली.

"पुंजाराम!" मी ओरडलो.

तो थांबला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. वर नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी हाक मारली नसती तर तो पाऊल टाकून पुढं निघून गेला असता. हे माझ्या मनातून अजून जात नाही. मी हातानं वर खुणावलं, तेव्हा त्यानं अंग मागं झोकून दिलं. उजवा पाय वेळेवर निघाला. डावा नाही निघाला.

आवाज झाला तो मला अजून सांगता येत नाही. बास्केट तिरपी झाली, बोल्ट सांडले, फरशीवर लोखंडाचा पाऊस पडल्यासारखं झालं. मी शिडीवरून कसा उतरलो, आठवत नाही. लाल बटणावर हाताचा पंजा मारला, एवढंच आठवतं. पुंजाराम ओरडत नव्हता. तो जमिनीवर बसून स्वतःच्या पायाकडं बघत होता, जसा काही तो पाय दुसऱ्याचा आहे. बुटाच्या टोकात लोखंडी टोपी होती म्हणून बोटं वाचली. टोपीच्या मागं पायाची दोन हाडं मोडली.

त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि मी ऑफिसात फोन लावला. प्रेरणानं उचलला.

"पोरी, लाइननं बास्केट मधेच खाली सोडली."

"मधेच म्हणजे कुठं?"

"त्या वाटेवर. लोडिंगपासून तीन फुटांवर."

मग ती म्हणाली, "तीन फूट की नव्वद सेंटिमीटर?"

"अगं, मी टेप घेऊन उभा नव्हतो!"

"काका, मोजा ना. प्लीज मोजा."

मी खिशातून टेप काढला. रुळावर गाडा जिथं अडकला होता तिथपर्यंत धरला. नव्वद. ना एक कमी, ना एक जास्त.

"नव्वद," मी म्हटलं.

"काका," तिचा आवाज एकदम लहान झाला, "खाली कुणी होतं का?"

अकराच्या सुमाराला मी ऑफिसात पोचलो. ती जागेवरच बसलेली होती. सकाळपासून उठलीच नव्हती म्हणे. समोर चहाचा कप तसाच. तिच्याबरोबर प्रोग्रॅम लिहिणारा प्रणय पाठीमागं उभा होता. मला बघून तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा काका. हे तुम्हीच बघा."

तिनं एक ओळ टाइप केली. स्क्रीनवर तिची दोन नावं आली आणि प्रत्येक नावापुढं त्याचा पत्ता.

"वाचा," ती म्हणाली.

मला इंग्रजी अक्षरं सावकाश वाचता येतात. पहिलं नाव "लाइन", पुढं लांब पत्ता, शेवटचा शब्द "लाइन". दुसरं नाव "टेस्ट", पुढं लांब पत्ता, शेवटचा शब्द...

मी पुन्हा वाचलं. बोट लावून वाचलं.

"हे दोन्ही एकच आहे," मी म्हणालो.

"एकच आहे."

झालं होतं असं. गुरुवारी ऑफिसातला सर्व्हर बदलला. दोन्ही पत्ते बदलले. प्रेरणानं नवा पत्ता एकदा टाइप केला, "लाइन"ला लावला, तोच उचलून "टेस्ट"ला चिकटवला. आता शेवटचा शब्द तेवढा बदलायचा होता. त्याच वेळी गावाहून वडलांचा फोन आला, आल्याचे गड्डे सडायला लागलेत, कुठलं औषध मारू. ती बाहेर जाऊन बोलली, फोटो मागवला, परत आली आणि पुढच्या कामाला लागली. तिच्या डोक्यात ते काम झालेलं होतं.

शनिवारी दुपारी तिनं खेळण्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला. नव्वद सेंटिमीटरवाला. "टेस्ट"ला पाठवला. तो गेला "लाइन"मध्ये. सोमवारी सकाळी कारखान्यातल्या कॉम्प्युटरनं तो इमानदारीत उतरवून घेतला.

"एका शब्दासाठी," मी म्हणालो. मला राग येत होता आणि कुणावर काढावा कळत नव्हतं. "एका शब्दासाठी एवढं? आणि त्या मशीनला काहीच कळत नाही? दुसऱ्याचा प्रोग्रॅम येतोय, वेगळाच येतोय, तर ते घेतं कसं?"

प्रणयनं मान खाली घातली. तिनं स्क्रीन वर सरकवली, शनिवारपर्यंत. तिथं तिनं टाइप केलेलं सगळं जसंच्या तसं पडलेलं होतं.

"चार वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली. "मी पाठवलं. त्यानं नाकारलं."

लाल अक्षरं होती. तिनं मला मराठीत सांगितलं. तिथल्या साठ्यात असं काम आहे जे तुमच्याकडं नाही, आधी ते बघा, असं लिहिलं होतं.

"मग?"

"मग मी जबरदस्तीनं पाठवलं. तशी सोय असते. टेस्टमध्ये मी आणि प्रणय एकमेकांचं खोडत असतो, तिथं ते रोजच नाकारतं. आम्ही रोजच जबरदस्तीनं पाठवतो. मी वाचलंच नाही काका. लाल दिसलं आणि माझ्या बोटांनी..." तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. सकाळी पुंजाराम आपल्या पायाकडं बघत होता तसंच. "बारा सेकंद. नाकारलं आणि मी परत पाठवलं, यात बारा सेकंद आहेत."

इतका वेळ ती सुन्न होती. आता तिला कापरं भरलं. दात वाजायला लागले. प्रणयनं पाणी दिलं ते अंगावर सांडलं. एप्रिलचा महिना, बाहेर डांबर वितळत होतं, आणि ही पोरगी थंडी वाजल्यासारखी कुडकुडत होती.

बरोबर प्रोग्रॅम हरवला नव्हता. रेपोतला तिनं पुसला होता, पण प्रणयच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत होती. दुपारपर्यंत त्यानं तो जागेवर आणला. ते सोपं काम होतं.

सरांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा ते फोन ठेवत होते. तोंडावर जरा हायसं वाटल्यासारखं.

"कारखान्यातून फोन होता," ते म्हणाले. "पेशंट ठीक आहे. पायाला प्लास्टर घालतील. आणि मॅनेजर म्हणाले, त्यांच्या ऑपरेटरनं लिहून दिलंय. चुकून हातानं चालवायचं बटण दाबलं गेलं त्याच्याकडून, आणि नको तिथं उभा होता."

मी प्रेरणाकडं बघितलं. तिचं कापरं थांबलं होतं. चेहरा एकदम कोरा.

"असं कसं लिहून देईल तो?" मी म्हणालो. "सर, मी तिथं होतो. त्यानं हिरवं बटण दाबलं. दुसरं काही नाही."

"मोतीराम, तू शिडीवर होतास."

"सर," प्रेरणा म्हणाली, "त्यांनी काही दाबलं नाही. मी केलंय."

मग तिनं सांगितलं. शब्द न चोरता सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आपण खोटं काही बोलत नाही आहोत," सर शेवटी म्हणाले. "त्यांनी त्यांच्या माणसाचं लिहून घेतलंय. आपण फक्त..."

"फक्त गप्प बसायचं?"

"मला विचार करू दे. जा, जाऊन बस तू."

ती उठली नाही. "सर, नोंद आहे. माझ्या नावानं, वेळेसकट. ती मला पुसता येते. मला तेही येतं. मी पुसणार नाही."

सरांनी तिच्याकडं असं बघितलं, जशी ती कुणी अनोळखी मुलगी आहे. मग माझ्याकडं वळले. "मोतीराम, त्या वाटेवर जाळीचं फाटक होतं ना आपल्या नकाशात?"

होतं. नकाशा मी काढला होता. फाटक उघडलं की गाडा थांबायचा, असं ते होतं. लाइन सुरू करायची घाई होती, तेव्हा कारखानावाले म्हणाले नंतर लावू, सर म्हणाले नंतर लावू, आणि मीही हो म्हणालो. दीड वर्ष झालं. रोज सकाळी पुंजाराम त्या वाटेनं जात होता आणि आमच्या तिघांपैकी कुणालाही ते फाटक एकदाही आठवलं नव्हतं.

"होतं," मी म्हणालो.

संध्याकाळी साडेपाचला सरांनी आम्हाला परत बोलावलं. दुपारभर ते केबिनबाहेर आले नव्हते. म्हणाले, "प्रेरणा, तू लिही. जसं झालं तसं. फाटकाचंही लिही. सही मी करेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "काका, मला दवाखान्यात न्या. मी एकटी जाऊ शकत नाही."

जनरल वॉर्डात कोपऱ्यातली खाट. पुंजारामचा पाय उशीवर ठेवलेला, गुडघ्यापर्यंत पांढरा. शेजारी स्टुलावर त्याची बायको सारजाबाई, मांडीवर ताटली घेऊन भाकरी चुरत बसलेली. आम्हाला बघून पुंजाराम उठायला लागला.

"मिस्त्री! आन् मॅडम, तुमी कशाला तरास घेतला? आवो, माझीच चूक हाय. बटन दाबलं आसंल मी."

"मामा, तुम्हाला आठवतंय का दाबलेलं?" प्रेरणानं विचारलं.

"आठवत नाय. पर साहेब म्हनले, पुंजाराम, मशीन आपल्या मनानं आसं करत नस्तं. मंग मीच दाबलं आसनार ना. दुसरं कोन व्हतं तिथं? सही करून देली मी. काल रातच्याला लई इचार केला, कवा दाबलं म्हून. ध्यानातच येईना. डोकं कामातून गेलं का काय म्हनलं माझं."

मला वाटलं होतं त्याच्यावर दबाव आणला असेल, धमकावलं असेल. तसं काही नव्हतं. त्याला ते खरं वाटत होतं. पाय मोडला होता, आणि वर रात्रभर तो स्वतःची चूक शोधत होता, जी त्यानं केलीच नव्हती. प्रेरणाच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदकाही नाही, धाप लागल्यासारखा. ती खाटेच्या कडेला बसली. आणि ऑफिसातली भाषा तिच्या तोंडातून गळून पडली.

"मामा, मशीननं आपल्या मनानं नाय केलं. तुमीबी नाय केलं. मी केलंय."

पुंजाराम माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली.

"तुमी तर शहरात व्हत्या," तो म्हणाला.

मग तिनं त्याला समजावलं. फोनचंच उदाहरण घेतलं. नाव एकाचं, नंबर दुसऱ्याचा. त्यानं शांतपणे ऐकलं, कपाळाला आठ्या घालून.

"म्हंजी," तो म्हणाला, "नाव आपल्या भावाचं आन् फोन लागला परक्याच्या घरी. आसंच ना?"

"व्हय मामा."

"आन् मी काय बी दाबलं नाय."

"नाय. तुमी बरोबरच केलं व्हतं."

त्यानं डोकं मागं उशीला टेकवलं आणि डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं. मला आधी वाटलं रागानं. पण तो पुटपुटत होता, "बरं झालं. बरं झालं बाप्पा. डोकं ठिकानावर हाय माझं."

इतका वेळ सारजाबाई भाकरी चुरत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "आन् त्या मशीननं सांगितलं नव्हतं व्हय तुला? का बाई, हे चुकतंय म्हून?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला होता. दोन दिवसांत आमच्या एकाही शिकलेल्या माणसानं तो विचारला नव्हता, मी सोडून. प्रेरणा खोटं बोलू शकली असती. त्या खाटेवरच्या माणसाला काय कळणार होतं?

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"मंग?"

"मी ऐकलं नाय. रोज सांगतंय म्हून ऐकलं नाय."

सारजाबाईनं ताटली खाली ठेवली. पदरानं हात पुसले. तिच्या तोंडावर राग नव्हता, मला तो राग तरी ओळखू आला असता. एखाद्यानं अचानक कानफटात मारावी आणि का मारली ते कळू नये, तसं तिचं तोंड झालं. ती उठून खिडकीपाशी गेली आणि आम्ही निघेपर्यंत वळली नाही.

पुढचं सांगतो. सरांचं पत्र कारखान्यात गेलं. दोन दिवस फोनाफोनी झाली, मोठ्या आवाजात झाली. पुंजारामनं सही केलेला कागद त्यांनी परत दिला, सरांनी तो स्वतः दवाखान्यात नेऊन त्याच्या हातात ठेवला. वाटेवर फाटक बसलं. ते मी माझ्या हातानं बसवलं आणि पन्नास वेळा उघडून गाडा थांबतो का बघितलं. कारखान्यानं एक अट घातली. त्या मुलीचा हात आमच्या लाइनला लागता कामा नये. सरांनी ती मान्य केली. प्रेरणानंही. तेव्हापासून चितेगावचं काम प्रणय बघतो.

राजीनामा तिनं लिहिला होता. सरांनी तो घेतला नाही आणि फाडलाही नाही. म्हणाले, "महिनाभर तुझ्याकडंच ठेव." महिनाभरानं तिनं विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. सरांनी तिला एकच काम दिलं, सगळ्या रेपोंची नावं आणि पत्ते तपासून नव्यानं लावायचं. चौदा कारखान्यांची कामं होती. तिला तीन आठवडे लागले.

खऱ्या मशीनांचे रेपो तिनं वेगळ्या सर्व्हरवर नेले. तिथं जबरदस्तीनं पाठवायची सोय बंद करून टाकली, कुणालाच नाही, सरांनाही नाही. कारखान्यातला कॉम्प्युटर आता आपोआप काही उतरवत नाही. तिथं उभा असलेला माणूस हो म्हणाला तरच घेतो. आणि नावं बदलली. "लाइन" हे नाव तिनं काढूनच टाकलं. आता चितेगावच्या रेपोचं नाव आहे "चितेगाव-खाली-माणसं-आहेत". रोमन अक्षरांत, मधे आडव्या रेघा देऊन, पूर्ण टाइप करावं लागतं.

प्रणय वैतागला. "एवढं कोण टाइप करत बसणार रोज?"

"तू," ती म्हणाली. "रोज."

पत्ता लावून झाला की ती तो मोठ्यानं वाचते आणि शेजारच्यानं तो स्क्रीनवर बोट ठेवून ऐकायचा. शेजारी बहुतेक मीच असतो. माझं इंग्रजी वाचन त्यामुळं बरंच सुधारलं. पाहुणे आले की हसतात, हे काय भजन चाललंय म्हणतात. ती हसत नाही. लाल अक्षरं दिसली की अजूनही तिचे हात मांडीवर जातात. पूर्ण वाचून होईपर्यंत ते वर येत नाहीत.

पुंजाराम अडीच महिन्यांनी कामावर गेला. लंगडतो. उकिडवं बसता येत नाही. लाइनीवर त्याला परत घेतलं नाही, गेटवर बसवलं. तो म्हणतो, बरंय, सावली हाय. पण मी गेलो की एकदा तरी विचारतो, "आकडा नीट चालतो ना?" त्याला ते काम आवडायचं, हे मला आधी कधी कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर प्रेरणा त्यांच्या घरी गेली. मला घेऊन गेली. पुंजारामनं मोठ्यानं स्वागत केलं, खाट टाकली, पाय दाखवला, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. सारजाबाई आतच होती. बऱ्याच वेळानं चहा घेऊन बाहेर आली. कप प्रेरणापुढं ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"तू खरं बोललीस," ती म्हणाली. "तेवढं मी मानते. पर माफ कर बिफ कर म्हनू नको मला. ह्यो मानूस रातचा उठतो तवा भिंत धरून चालतो. ते मी बघते, तू नाय बघत. मला जमायचं नाय ते."

पुंजाराम म्हणाला, "आगं..."

"राहू द्या मामा," प्रेरणा म्हणाली. ती सारजाबाईकडं बघत होती, नजर न चोरता. "नाय म्हननार, मावशी."

सारजाबाई आत गेली. प्रेरणानं कप उचलला आणि चहा पूर्ण प्यायला, सावकाश. मग कप विसळायला ती आत निघाली. आतून सारजाबाईचा आवाज आला, "ठिव तिथंच, मी बघते." तरी ती गेली. मी आणि पुंजाराम बाहेर बसून राहिलो. आत पाण्याचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही.